गाणी भरून मिळतील

ठाण्याहून वाशीकडे निघालेली लोकल दिघा गाव, ऐरोली, रबाळे करत घणसोलीला पोचते. ज्या जिओचा कारभार या घणसोलीतून चालतो, तिची सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली आणि तोवर एका जीबीला दोन-अडीचशे रुपये मोजणाऱ्या माणसाच्या हाती काही महिने फुकट आणि नंतर नाममात्र दरात इंटरनेट आले. ऑनलाइन व्हिडिओ आणि गाणी स्वतःपुरती उतरवून घेण्याच्या सवयीबद्दल लिहिणारे बहुधा या तारखेपाशी येऊन थांबतात. नेट महाग होते म्हणून लोक डाउनलोड करत, नेट स्वस्त झाले, आता ती गरज उरली नाही, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. मला हा हिशेब अपुरा वाटतो. ऐरोली आणि तिच्या आसपासच्या पट्ट्याचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला तर असे दिसते, की आवडलेल्या गोष्टीची प्रत स्वतःजवळ ठेवणे ही इंटरनेटच्या कितीतरी आधीची रीत आहे. ती टंचाईतून वाढली हे खरे, पण टंचाई सरल्यावरही तिचे कारण संपले नाही. आणि जी रीत इतकी वर्षे लाखो साध्या माणसांनी कुणालाही न लुटता पाळली, तिला चोरीच्या रांगेत उभे करणे न्यायाचे नाही.

सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहू लागली. ऐरोली, दिवा, रबाळे, गोठिवली, तळवली, घणसोली ही त्यातलीच आगरी-कोळ्यांची गावे. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी आणि मधे भातशेती, मिठागरे, मासेमारी. सेक्टर आखले गेले, बैठ्या घरांशेजारी इमारती चढल्या, तरी गावठाणे जागच्या जागी राहिली आणि त्यांच्याबरोबर तिथले गाणेही राहिले. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. हळदीपासून पुढचे विधी तिच्या गाण्याच्या क्रमाने चालतात, आणि हे सगळे गाणे तिच्या डोक्यात असते. कुठे छापलेले नाही, कुठे लिहिलेले नाही. ऐकणाऱ्या पोरींनी ते उचलायचे आणि पुढे न्यायचे, एवढीच त्याच्या टिकण्याची व्यवस्था. गाणे ऐकणे आणि ते आपल्याकडे ठेवून घेणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, असे त्या व्यवस्थेत कुणाला वाटण्याचे कारण नव्हते.

यंत्राने या दोन क्रिया वेगळ्या केल्या. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले आणि हिंदुस्थानात ग्रामोफोनचे युग सुरू झाले. पण ग्रामोफोन वाजवू शकत असे, टिपू शकत नसे. काय टिपायचे हे कंपनी ठरवी आणि ऐकणाऱ्याने ते विकत घ्यायचे. कंपनीला ज्यात रस नाही, किंवा ज्या गायकाला कंपनीत रस नाही, ते गाणे हवेत विरून जाई. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, अल्लादिया खाँसाहेब १९४६ मध्ये. महाराष्ट्राच्या गाण्याला वळण देणारी ही दोन माणसे, आणि दोघांचाही आवाज आज ऐकायला मिळत नाही. पुढच्या पिढीचे नशीब थोडे बरे ठरले, कारण स्पूलचे टेपरेकॉर्डर आले आणि काही हौशी रसिक ते घेऊन मैफलींना जाऊ लागले. मुंबई-पुण्याच्या घरांतून हातोहात फिरणाऱ्या त्या खासगी ध्वनिमुद्रणांवर आज संगीताचे अभ्यासक विसंबतात. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत न मावणारा विलंबित ख्याल त्यांच्यामुळे वाचला. असे टिपताना प्रत्येक वेळी गायकाची लेखी परवानगी घेतली गेली असेल, असे कुणीही म्हणणार नाही.

पण स्पूल ही थोड्यांची चैन होती. सामान्य माणसाच्या हाती टिपण्याचे बटण आले ते कॅसेटमुळे. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली ही छोटी डबी आपल्याकडे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पसरू लागली. आखाती देशांत नोकरीला गेलेले लोक येताना टू-इन-वन आणत आणि सरकारनेही त्याच सुमारास आयातीचे निर्बंध सैल केले. संगीताचे अमेरिकी अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात दाखवले आहे, की या स्वस्त साधनाने एचएमव्हीची जवळजवळ मक्तेदारी मोडली आणि बोलीतल्या, जातीजमातींच्या, प्रांताप्रांतांच्या गाण्यांचे शेकडो छोटे निर्माते उभे राहिले. त्यांचा अभ्यास मुख्यतः उत्तर भारताचा आहे, पण त्यांचे म्हणणे मुंबईच्या किनाऱ्याला तितकेच लागू पडते. काशीराम चिंचय यांच्या ‘वेसावकर आणि मंडळी’ची कोळीगीते कॅसेटवरून वेसाव्याबाहेर गेली आणि खाडीकाठच्या हळदींत वाजू लागली. वामनदादा कर्डकांची, प्रल्हाद शिंद्यांची, विठ्ठल उमपांची भीमगीते ६ डिसेंबरला चैत्यभूमीबाहेरच्या दुकानांतून घराघरांत पोचली. ज्यांची कर्मभूमी पुढे नवी मुंबईतले नेरूळ झाली, त्या बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ कॅसेटमुळे ज्या घरी कधी कीर्तन झाले नव्हते तिथेही पहाटे सुरू झाला.

हा झाला विकत घेण्याचा भाग. त्याच्याइतकाच मोठा, पण हिशेबात न येणारा भाग भरून घेण्याचा होता. कोरी कॅसेट आणायची, साठ मिनिटांची किंवा नव्वदची, आणि आपल्या निवडीची गाणी तीत भरायची. रेडिओवरून, शेजाऱ्याच्या कॅसेटवरून, किंवा कागदावर यादी लिहून ती दुकानदाराकडे देऊन. ‘ए’ बाजूला भावगीते, ‘बी’ बाजूला नाट्यगीते, आतल्या पुठ्ठ्यावर निळ्या शाईत नावे. त्याच यंत्रावर लोकांनी घरची हळद टिपली, बारसे टिपले, आजीच्या ओव्या टिपल्या आणि त्याच कॅसेटच्या उरलेल्या जागेत आकाशवाणीवरचे एखादे गाणेही टिपले. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांच्या सामानात पु. ल. देशपांड्यांच्या कथाकथनाच्या कॅसेटी असत, आणि त्या तिथल्या मित्रमंडळींत उतरवून घेतल्या जात. माझा आग्रह असा, की या सगळ्याकडे एकच कृती म्हणून पाहावे. आपल्या घरातला आवाज आणि बाजारातला आवाज अशी विभागणी ऐकणाऱ्याच्या मनात नव्हती. ज्याची पुन्हा आठवण येणार ते टिपून ठेवायचे, एवढाच त्यामागचा विचार होता.

कायद्याला मात्र हे दिसायला फार वेळ लागला. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातले कलम ५२ कुठला वापर उल्लंघन ठरत नाही ते सांगते, आणि खासगी उपयोगासाठीचा रास्त वापर त्यात पहिल्याच पोटकलमात येतो. पण ही सवलत कित्येक वर्षे साहित्य, नाट्य, संगीतरचना आणि चित्र-शिल्पादी कलाकृतींपुरतीच लिहिलेली होती. ध्वनिमुद्रण आणि चित्रपट यांचा उल्लेखच नव्हता. म्हणजे एखाद्या गाण्याचे नोटेशन वहीत उतरवून घेणे सुरक्षित होते आणि तेच गाणे कॅसेटवर उतरवणे संशयास्पद. ज्या दशकांत देशातल्या जवळजवळ प्रत्येक टू-इन-वनचे लाल बटण दाबले जात होते, त्या दशकांत कायद्याची भाषा तबकडीच्या जगात अडकून राहिली. १९८४ मध्ये दुरुस्ती झाली ती शिक्षा वाढवण्यासाठी आणि कॅसेट-व्हिडिओंवर मालकाचा तपशील छापणे सक्तीचे करण्यासाठी. तिचा रोख धंदा करणाऱ्यांवर होता आणि तो योग्यच होता. घरातल्या माणसाचा प्रश्न सुटला २०१२ मध्ये. त्या वर्षीच्या दुरुस्तीने संगणकप्रणाली वगळून ‘कोणत्याही कृती’चा खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठीचा रास्त वापर मान्य केला. तोपर्यंत कॅसेट बाजारातून जवळपास हद्दपार झाली होती.

मधल्या काळात ऐरोली बदलली होती. १९९९ मध्ये खाडीवरचा पूल झाला आणि मुलुंड हाकेच्या अंतरावर आले. नोव्हेंबर २००४ मध्ये ठाणे-वाशी रेल्वे सुरू झाली. पुढे माइंडस्पेससारख्या संकुलांत सकाळ-संध्याकाळ हजारो नोकरदारांची ये-जा सुरू झाली. प्रवासाच्या या वेळेत कानाला लावायला काहीतरी हवे होते, आणि ते द्यायला मोबाइलची दुकाने पुढे आली. रिचार्ज, कव्हर, चार्जर यांच्याबरोबर या दुकानांत गाणी भरून मिळत. मेमरी कार्ड दुकानदाराच्या हाती द्यायचे, जुनी की नवी, कोळीगीते की भीमगीते की हिंदी एवढे सांगायचे, आणि काही रुपयांत दोन जीबीचे कार्ड भरून यायचे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक स्टेशनाबाहेर आणि एसटी स्टँडसमोर हेच चाले. ज्यांच्याकडे संगणक नव्हता आणि महिन्याला नेटसाठी पैसे नव्हते, त्या रिक्षाचालकाला, घरकामगार बाईला, वॉचमनला डिजिटल संगीताची पहिली ओळख या काउंटरवर झाली. संगीत कंपन्यांनी याविरुद्ध छापे टाकायला लावले, आणि मग त्यांच्याच संघटनेने ‘मोबाइल म्युझिक एक्स्चेंज’ नावाचा परवाना काढून दुकानदारांना ठरावीक शुल्कात हे काम करण्याची वाट खुली केली. ही छोटी घटना मला फार महत्त्वाची वाटते. मागणी खरी आहे आणि ती दडपून संपत नाही, तिचा मोबदला गोळा करण्याची सोय लावता येते, हे खुद्द कंपन्यांनीच त्यातून कबूल केले.

पुढची कबुली आणखी मोठ्या ठिकाणाहून आली. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबने भारतात आपल्या अॅपमध्ये व्हिडिओ साठवून ४८ तासांपर्यंत नेटशिवाय पाहण्याची सोय दिली. या सोयीच्या पहिल्या देशांत इंडोनेशिया आणि फिलिपिन्सही होते, म्हणजे जिथे नेट महाग किंवा तुटक होते ते देश. नंतर २०१७ मध्ये यूट्यूब गो हे वेगळे अॅप इथे आले. व्हिडिओ उतरवायचा, किती एमबी खर्च होणार ते आधीच पाहायचे, आणि शेजारच्या फोनला नेट न वापरता द्यायचा. शेअरइट आणि झेंडर यांनी आधीच घडवलेली ती सवय होती. म्हणजे जगातली सर्वांत मोठी व्हिडिओ कंपनी काही काळ स्टेशनाबाहेरच्या दुकानदाराच्याच पावलावर पाऊल टाकून चालली. डेटा स्वस्त झाल्यावर, ऑगस्ट २०२२ मध्ये, यूट्यूब गो बंद करण्यात आले.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप कलावंताच्या पोटाचा आहे. प्रत्येकाने फुकट उतरवून घेतले तर गाणाऱ्याने, लिहिणाऱ्याने, वाजवणाऱ्याने खायचे काय? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. कोळीगीतांचे आणि भीमगीतांचे बहुतेक निर्माते लहान होते. बनावट कॅसेटींनी त्यांचे खरेच नुकसान केले. पण नुकसान करणारा कोण, हे नीट पाहिले पाहिजे. हजारो नकली प्रती छापून त्या मूळ म्हणून विकणारा माणूस आणि स्वतःच्या प्रवासासाठी एक प्रत ठेवणारा माणूस यांच्यात फरक आहे, आणि तो फरक अंशाचा नसून जातीचा आहे. पहिला कलावंताचा बाजार खातो. दुसरा पुष्कळदा तोच श्रोता असतो जो जत्रेत तिकीट काढून बसतो आणि हळदीला त्याच मंडळीला सुपारी देतो. शिवाय कलावंताला पैसे न मिळण्याचे मोठे कारण श्रोत्याच्या घरात नव्हतेच. एकरकमी मानधन देऊन सगळे हक्क लिहून घेण्याची चाल चित्रपट आणि कॅसेट उद्योगात रूढ होती, आणि गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा न सोडता येणारा हक्क मिळाला तो त्याच २०१२ च्या दुरुस्तीत. खासगी प्रतीचा मोबदला गोळा करण्याचा मार्गही जगाला ठाऊक आहे: जर्मनीने १९६५ मध्येच टेपरेकॉर्डरच्या किमतीत एक लहान आकार घालून तो कलावंतांकडे वळवायला सुरुवात केली. आपल्याकडे तसा आकार नाही. तो असावा की नसावा यावर वाद होऊ शकतो, पण तो नसण्याचा दोष मेमरी कार्ड भरून घेणाऱ्यावर टाकता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक आजचा आहे. सगळे काही कधीही, कुठेही ऐकता येत असताना प्रत ठेवण्याचा हट्ट कशाला? इथे ऐरोलीचेच उदाहरण पुरेसे बोलके आहे. माइंडस्पेसच्या ऐरोली पश्चिमेच्या आवारात प्रिन्स्टन डिजिटल ग्रुपसाठी डेटा सेंटर उभे आहे. रबाळे-महापेपर्यंतच्या पट्ट्यात अशी आणखीही आहेत. आपण ‘क्लाउड’ म्हणतो तो ढग कुठेतरी वर तरंगत नसून ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला, जनरेटर आणि शीतयंत्रांच्या सोबत उभा आहे, आणि तो कुणाच्या तरी मालकीचा आहे. मालकाने ठरवले, करार संपला, सरकारचा हुकूम आला, की आतली वस्तू तिथेच असूनही आपल्याला दिसेनाशी होते. २९ जून २०२० रोजी ५९ चिनी अॅपवर बंदी आली. तिच्या कारणांविषयी इथे बोलायचे नाही. परिणामाविषयी बोलायचे आहे. टिकटॉकवर महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या आणि शहरांच्या वस्त्यांतल्या माणसांनी आपल्या बोलीत, आपल्या अंगणात केलेले असंख्य व्हिडिओ लोकांच्या नजरेआड गेले. त्यातले जे उरले ते कुणीतरी फोनमध्ये उतरवून ठेवले होते म्हणून. त्याच वर्षअखेरीस गुगल प्ले म्युझिक बंद झाले. २०२४ मध्ये एअरटेलने विंक म्युझिक बंद करत असल्याचे जाहीर केले, आणि अॅपच्या आत ‘डाउनलोड’ म्हणून साठवलेली गाणी अॅपबरोबरच गेली. कॅसेट कंपनी बुडाली म्हणून कुणाच्या कपाटातली कॅसेट मुकी झाली नव्हती. आज पैसे भरून घेतलेल्या ‘डाउनलोड’लाही ठरावीक दिवसांनी पुन्हा नेटला जोडून आपण अजून वर्गणीदार आहोत हे पटवून द्यावे लागते. हे भाडे झाले, आणि भाड्याने घेण्यात गैर काही नाही. पण त्याला जवळ असणे म्हणू नये.

इथेच २०१२ च्या कायद्याची दुसरी बाजू पाहावी लागते. ज्या दुरुस्तीने वैयक्तिक प्रतीला मान्यता दिली, तिनेच ६५अ हे नवे कलम आणले: हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. हेतूची अट घालून संसदेने विवेक दाखवला, आणि कायद्याने स्पष्टपणे न रोखलेल्या कामासाठी कुलूप उघडणे या कलमाच्या आड येत नाही असेही त्यात म्हटले. तरीही व्यवहारात दोन हुकूम एकमेकांसमोर उभे राहतात. कायदा म्हणतो, स्वतःपुरता रास्त वापर कर. यूट्यूबच्या अटी म्हणतात, आम्ही बटण दिले असेल तरच उतरव. अट मोडणे हा कराराचा भंग आहे, आणि तो सरसकट कॉपीराइटचा भंग ठरतो का, हा वेगळा प्रश्न आहे. हा गुंता फक्त आपला नाही. २००६ पासून स्वयंसेवकांनी जोपासलेली ‘यूट्यूब-डीएल’ ही प्रणाली अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेच्या नोटिशीमुळे ऑक्टोबर २०२० मध्ये गिटहबवरून उतरवण्यात आली. पत्रकार, संशोधक, मानवी हक्कांचे कार्यकर्ते यांना पुरावे जपायला ती लागते असा युक्तिवाद झाला आणि नोव्हेंबरमध्ये ती परत ठेवली गेली. त्याच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सोनीच्या व्हीसीआरच्या खटल्यात, घरी कार्यक्रम टिपून नंतर पाहणे हा रास्त वापर आहे, असा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी दिला होता. एका मताच्या फरकाने का होईना, पण घरातला श्रोता-प्रेक्षक तिथे वाचला.

हे सगळे वाचवण्याची जबाबदारी संग्रहालयांची आहे, लोकांनी का पडावे त्यात, असेही कुणी म्हणेल. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आपल्याच पुण्यात १९६४ पासून आहे आणि त्याचे काम मोलाचे आहे. तरीही ‘राजा हरिश्चंद्र’चा एक भागच आज उरला आहे आणि ‘आलम आरा’ची एकही प्रत सापडत नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेटवरच्या जुन्या चित्रफिती जळाल्या. मोठ्या संस्थांकडून गोष्टी हरवतात, कारण त्या एकाच जागी ठेवलेल्या असतात. बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे जुने भाग पुसून टाकले. त्या हरवलेल्या भागांचा आवाज आज पूर्ण उपलब्ध आहे, तो केवळ त्या काळच्या प्रेक्षकांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून टिपला म्हणून. आपल्याकडेही दूरदर्शनच्या जुन्या जाहिराती आणि कार्यक्रमांचे तुकडे यूट्यूबवर दिसतात, त्यांतले बरेच कुणाच्या तरी घरच्या व्हीएचएसवरून आलेले आहेत.

तेव्हा कायदा करणाऱ्यांनी एक रेघ स्पष्ट ओढावी: स्वतःच्या आणि घरच्यांच्या वापरासाठी घेतलेली प्रत, ती विकली नाही, सार्वजनिक मांडली नाही, तर निर्दोष, आणि कोणत्याही अॅपच्या अटीने ती हिरावून घेता येणार नाही. कलम ५२ मध्ये याचा पाया आहेच, फक्त तो कुलपांच्या आणि अटींच्या वर आहे हे नेमक्या शब्दांत लिहायला हवे. त्याबरोबर कलावंतासाठी आकार बसवायचा असेल तर खुशाल बसवावा, श्रोत्याने तो आनंदाने द्यावा. आणि कायदा होईपर्यंत थांबू नये असे एक काम गावठाणांतल्या घरांनी आताच करावे. ऐरोलीत, दिव्यात, गोठिवलीत ज्यांच्याकडे हळदीच्या आणि धवल्यांच्या जुन्या कॅसेटी आहेत, त्यांच्या फितीवरचा चुंबकीय थर दमट हवेत दरवर्षी थोडा थोडा सुटतो आहे. चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर मिळतो आहे तोवर त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात, गाणाऱ्या बाईचे नाव आणि साल लिहून ठेवावे, आणि किमान दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात.